मालिनीबाईंचं वाऱ्याचं जॅकेट

कमळाकरांनी विंडचीटरला इस्त्री केली.

म्हणजे करायला घेतली. अंबरनाथला मोरिवलीच्या अंगाला असलेल्या एका रंगाच्या कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलचे अधिकारी होते, आणि सुरकुती दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रुमाल, अभ्रे, फार काय, पायपुसणंही त्यांच्या इस्त्रीखालून सुटलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या जानेवारीतल्या त्या रविवारी बायकोचा कोरा करकरीत नायलॉनचा विंडचीटर खुर्चीवर चुरगळून पडलेला त्यांना दिसला. इस्त्री टेकवली मात्र, चर्र झालं, घरभर जळकट वास सुटला आणि इस्त्री उचलली तर पाठीचा निळा तुकडा तिच्याबरोबर वर आला.

मालिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. विंडचीटर उचलून त्यांनी भोकातून नवऱ्याकडे पाहिलं.

"छान. आता हवा खेळती राहील."

कमळाकर ओशाळले. पण खरं सांगायचं तर ओशाळण्याच्या आधी त्यांना हायसं वाटलं होतं. त्याचं कारण पुढचा रविवार.

मालिनीबाईंचं माहेर बदलापूरचं. लग्नाआधी त्या शनिवार-रविवार रानात असायच्या. मग संसार आला, अंबरनाथ पूर्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी आली. तिथे यंत्रांना उकडू नये म्हणून एसी अखंड चालू, आणि माणसांनी पदर लपेटून कुडकुडायचं. गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दोन महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि कमळाकर शेजारच्या खोलीत बसून खोकला ऐकत होते. आता ऑफिसातल्या मीनलने पुढच्या रविवारी बारवी धरणामागच्या जंगलातून टेकडी चढायची टूम काढली होती. डॉक्टरांनी मालिनीबाईंना जायची परवानगी दिली, पण एका अटीवर: छातीला वारा लागता कामा नये.

विंडचीटर नाही, म्हणजे टेकडी नाही. कमळाकरांच्या मनात हे गणित फार झटकन सुटलं.

मालिनीबाईंनी ते पुसून टाकलं. "कपडे बदला. उल्हासनगरला जाऊ."

कॅम्प पाचमध्ये टहिलरामचं दुकान होतं. परदेशी पाठवायला शिवलेला आणि काहीतरी खोट निघाल्यामुळे मागे राहिलेला माल तो विकायचा. दुकान एवढं चिंचोळं की आधी कपडे बाहेर काढायचे, मग गिऱ्हाईक आत घ्यायचं.

"आवाज करणारं नको," मालिनीबाईंनी सुरुवात केली. "चाललं की सळसळतं, पाखरं उडून जातात. आत घाम साचणारं नको, माझी इडली होते. आणि साडीवर ऑफिसात घालता आलं पाहिजे."

"भाभी, जाकीट चाहिए या जावई?" टहिलराम म्हणाला, पण ढिगात हात घातलाच.

पहिलं निघालं काळं रेक्झिनचं. "हे घालून कोणाला धमकी द्यायला जाऊ?" दुसरं कापूस भरलेलं. "गादी पाठीला बांधून डोंगर चढवता मला?" कमळाकर मधूनमधून बाहीत तोंड घालून जोरात फुंकर मारत होते आणि पलीकडून हवा येते का ते गालाने तपासत होते.

"साईं," टहिलराम म्हणाला, "ये जाकीट है, फुगा नहीं."

तिसरं शेवाळी रंगाचं होतं. बाहेरून गुळगुळीत, आतून आखूड मऊ लोकर, आणि मधे कसला तरी पातळ पापुद्रा. मुठीत धरलं तर चुरगळत नव्हतं, हलवलं तर बोलत नव्हतं. कमळाकरांनी फुंकर मारली. हवा परत त्यांच्याच तोंडावर आली. ते जरा घाबरले. मग त्यांना हवं ते सापडलं.

"डावा खिसा बोटभर खाली आहे! रिजेक्ट माल. आमच्याकडे असा डबा गेटबाहेर जात नाही."

"अहो, माझ्याआधी तिघींनी तुम्हाला नकार दिला होता. मी घेतलंच ना पदरात?"

टहिलराम खुदकन हसला. "और देखो, अभी तक चल रहा है! बिना गॅरंटी!"

"पण वारा?" कमळाकरांनी शेवटचं टोक धरलं. "दुकानात कुठून कळणार वारा?"

"पहनो भाभी, बाहर मोपेड है ना आपकी? चक्कर मारके आओ. साहब इधर बैठेंगे. डिपॉझिट."

असे कमळाकर स्टुलावर अनामत म्हणून बसले आणि मालिनीबाई भुर्रकन निघून गेल्या. चहा आला. गार झाला. प्रत्येक मोपेडच्या आवाजाला ते उठत होते. रस्त्यातच खोकला लागला तर? बाई गाडी थांबवून कडेला बसली तर? टहिलरामने त्यांना दोनदा सांगितलं, साईं, जाकीट मेरा गया है, टेन्शन आप ले रहे हो.

आणि मालिनीबाई आल्या. अंबाडा सुटलेला, नाक लाल, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा? असा चेहरा कमळाकरांनी बदलापूरला मुलगी बघायला गेले होते तेव्हा पाहिला होता. तेव्हा ती करवंदं तोडून नुकतीच आली होती.

"नेवाळी नाक्यापर्यंत जाऊन आले! मलंगगड काय दिसतोय हो!"

कमळाकरांनी कॉलरच्या आत बोटांची मागची बाजू टेकवली. ऊब होती. घाम नव्हता. मग त्यांनी खोकला येतो का ते कान देऊन ऐकलं. नाही आला.

"पास," ते टहिलरामला म्हणाले. बोटभर खाली असलेल्या खिशासकट.

दुसऱ्या दिवसापासून ते जॅकेट एक्स्चेंजमध्ये साडीवर जाऊ लागलं. मालिनीबाईंनी तेवढी इस्त्री माळ्यावर टाकली. रविवारी सकाळी त्या मीनलबरोबर निघाल्या. दिवसभर कमळाकरांच्या हाताला काम नव्हतं. ते चुरगळलेला सदरा घालून गॅलरीत येरझारा घालत होते आणि बारवीच्या दिशेकडून येणारा वारा पारखत होते. संध्याकाळी फाटक वाजलं. बुटांना लाल माती, खांद्यावर वाळकं पान, दोन्ही खिसे बोरांनी टम्म.

कमळाकर जिना उतरून खाली धावले.

"वारा लागला का गं?"

"लागला. त्यासाठीच तर गेले होते."