दुसरी घागर

माझी नात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक कादंबरी घेऊन आली होती. तिचा नायक भुतांच्या तक्रारी ऐकतो आणि त्यांचा छडा लावतो. दोन प्रकरणे वाचून ती मला म्हणाली, हा माणूस तुमच्यासारखाच आहे, फक्त त्याला दक्षिणा मिळत नाही. मी हसलो नाही, कारण त्या चैत्रात पिंप्राळ्यातील एका घराने माझे चित्त अस्वस्थ केले होते.

त्या घरचे वृद्ध यजमान कार्तिकात निवर्तले. त्यांचे बारावे मीच केले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा मुलगा स्कूटरवरून आला. आईच्या घशाखाली घास उतरत नाही, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही, असे त्याने सांगितले. पुढच्या आठवड्यात तो तिला सातपुड्याच्या पायथ्याशी एका भगताकडे नेणार होता. भूत लागलेल्या माणसाला तो भगत झाड म्हणतो आणि भूत काढायला त्या झाडाला मारतो, हे मला ठाऊक होते. ते झाड म्हणजे त्या बाईचेच शरीर असणार होते. मी आठ दिवस मागून घेतले.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई, अक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनगटात बांगडी राहत नव्हती. पान वाढले की समोर कोणी बाई डोईवर पदर घेऊन येऊन बसते, बोलत नाही, ताटाकडे पाहते, असे त्यांनी सांगितले. भीती वाटते का, असे विचारताच त्या म्हणाल्या, "भीती कसली, गुरुजी. लाज वाटते."

हा शब्द मला खटकला. भुताची लाज वाटल्याचे मी कोणाकडून ऐकले नव्हते. समोरचे पितळी ताट मी उचलून पाहिले. काठाखाली अक्षरे कोरलेली होती. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर असतात तशी, देणाऱ्याचे नाव, गाव पारोळे, आणि जिला दिले तिचे नाव. ते नाव अक्कांचे नव्हते. मुलगा म्हणाला, मोडीत घेतलेले जुने भांडे असेल. अक्कांनी तोंड भिंतीकडे वळवले.

त्या संध्याकाळी जप करताना माझी माळ दोनदा चुकली. दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरून पारोळ्यास उतरलो. ताटावरच्या नावाचे गृहस्थ गेलेले होते, पण त्यांचा मुलगा, ऐंशीकडे झुकलेला, ओट्यावर बसला होता. ताटाचे वर्णन ऐकताच त्याचे डोळे भरून आले. ती त्याची थोरली बहीण, आमच्या यजमानांची पहिली पत्नी. लग्नानंतर वर्षाच्या आतच तापाने गेली, मूल नव्हते. यजमानांचे दुसरे लग्न त्यानंतर झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात. त्याबद्दल मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पोर त्यासना घरमां दिधी, आम्ही कशी भरवी? तिनी घागर दाजीच भरेत. आते कोन भरी?" म्हणजे तिची घागर आजवर त्याचे दाजी, आमचे यजमानच, भरत आले होते; आता ती भरणारे कोणी उरले नव्हते.

परतीच्या बसमध्ये मला एका जागी बसवेना. बाराव्याला पितरांचा उच्चार करताना मी मुलाला मातोश्रींविषयी विचारले होते. आई आहे, असे तो म्हणाला, आणि मी पुढच्या नावाकडे वळलो. सापत्नमातेला शास्त्राने स्थान दिले आहे. तशी कोणी होती का, हे विचारायचे माझे काम होते. एवढेच नव्हे, येत्या आखाजीची यादीही मी मोबाइलवर पाठवून मोकळा झालो होतो: घागर एक, यजमानांसाठी.

अक्कांना मी एकट्याच असताना गाठले आणि पारोळ्याचे सांगितले. त्या पदराचा काठ चाळवू लागल्या.

"बाराव्याला तुम्ही विचारलंत तेव्हा मी दाराआड होते," त्या म्हणाल्या. "या घरात आले तेव्हा चूल तिची, ताट तिचं, देव तिने मांडलेले. तिची घागर हे नाव न घेता भरत; मुलाला आणि सुनेला ठाऊक नव्हतं, तेवढ्यापुरती मी पहिली होते. ते सोडवेना."

मी त्यांना दोष दिला नाही; दोषाचा अर्धा भाग माझ्याकडे होता. मुलाला त्यांनीच बोलावून सांगितले. त्याने ताट उलटून नाव वाचले. सून मात्र शांतपणे म्हणाली, "अक्का, ताट रोज मीच घासते. नाव मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं."

अक्का तिच्याकडे पाहत राहिल्या. भगताकडे जाणे राहिले.

आखाजीला दोन घागरी मांडल्या. दोन्हींवर आंबा आणि डांगर ठेवले. कलिंगडाला आमच्याकडे डांगर म्हणतात. मुलाने पाणी घातले आणि तिचे नाव माझ्यामागून उच्चारले. पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा नीट म्हणाला. मी मंत्र म्हणत होतो, पण लक्ष अक्कांकडे होते. आज घास उतरला नाही तर माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

पाने वाढली. अक्कांनी सांजोरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्या घासानंतर त्या समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत हळूच म्हणाल्या, "गुरुजी, ती गेली नाही अजून. जेवते आहे."

सुनेने आमरसाची वाटी पुढे केली आणि अक्कांनी ती घेतली.