पहाटेची पानं

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘कडक’ म्हणत. पांढरा कोट खळ घालून इस्त्री केलेला, आणि बोलणं त्या कोटाहून ताठ. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बटाट्याच्या पानांत जास्त स्टार्च साठावा म्हणून जनुकं बदललेली झाडं वाढवणं हे त्याचं काम, आणि साडूचा दुस्वास करणं हा त्याचा धर्म.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला या नोकरीत कडकनेच चिकटवलं होतं. पुढे त्या पठ्ठ्याने साहेबांसमोर कडकची एक चूक काढली, तीही हसत हसत, आणि तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. सख्ख्या बहिणी, पण एकमेकींना भेटायच्या त्या चोरून. साडू आपल्या झाडांविषयी बैठकीत बोलायला उभा राहिला, की कडक चहाला उठायचा. साडूने नेमकं कोणतं जनुक बदललंय, हे त्याने कधी ऐकूनच घेतलं नाही.

“ऐकायचंय काय त्यात? दीडशहाणा नुसता!”

काचघरात आता एकाच्याच झाडांपुरती जागा होती. चाचणीत जो हरेल, त्याची झाडं भट्टीत जायची. जनुकं बदललेलं रोप उघड्यावर टाकता येत नाही. चाचणी तशी साधी. पान स्पिरिटमध्ये उकळून पांढरंफटक करायचं आणि वर आयोडीन ओतायचं. स्टार्च जितका जास्त, तितकं पान काळं. झाड दिवसभर उन्हात स्टार्च जमवतं आणि रात्रभर तोच खातं, म्हणून पानं संध्याकाळी कापायची असा नियम. कापणारा कडक.

त्याने स्वतःची पानं संध्याकाळी कापली. साडूची झाडं मात्र तशीच ठेवली आणि पहाटे, कुणी यायच्या आत, त्यांची पानं खुडली. बशीवर चिठ्ठी चिकटवली, ‘संध्याकाळ’. रात्रीत सगळा स्टार्च फस्त झालेला असणार, पानं फिकी पडणार आणि साडूचं तोंडही. कडकला शीळ घालावीशी वाटली.

सगळ्यांसमोर आयोडीन ओतलं. कडकची पानं काळी झाली. साडूचीही झाली, तशीच काळीकुट्ट. कडकने बशीवरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचून पाहिली.

“दोन्ही सारखीच,” साहेब म्हणाले. “मग थोरल्यांची ठेवू. त्यांचं काम आधीपासूनचं.”

“साहेब, एकदा पहाटे कापून बघा ना,” साडू काकुळतीला आला. “झाडं आत्ता कुठे हाताशी आलीत. रात्री स्टार्च खायला लावणारं जनुकच मी बंद केलंय. संध्याकाळी काय फरक दिसणार? पहाटेही पान काळं व्हायला हवं, त्यासाठीच तर एवढी वर्षं घातली!” मग तो कडककडे वळला. “साडूभाऊ, पानं संध्याकाळचीच होती ना?”

एका शब्दाचं काम होतं. साडूचं खरं ठरल्याचा पुरावा समोर बशीत पडला होता आणि तो एकट्या कडकला दिसत होता. खरं बोललं तर लबाडी उघडी पडणार होती. त्याहून वाईट म्हणजे साडू जिंकणार होता, आणि हेच त्याला जास्त झोंबलं.

“संध्याकाळचीच,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

साहेबांनीही मान डोलावली आणि साडूने स्वतःच्या हातांनी झाडं भट्टीत घातली. निघताना म्हणाला, “ताईंकडे बघून गप्प बसतो. पण पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका.”

“कोण मरायला येतंय!” कडक खेकसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो काचघरात शिरला. आता तिथे जिकडेतिकडे त्याचीच झाडं होती. एक पान खुडून त्याने उकळलं, वर आयोडीन ओतलं आणि बघत बसला. पान फिकं ते फिकंच. त्याने पुन्हा ओतलं, बाटली संपेपर्यंत ओतलं. ते काही काळं होईना.