कणगीतला गोळ्यांचा डबा

सत्तर सालानंतरची गोष्ट. धावड्याच्या आमच्या घरात दुपारी सगळं शांत झालं, की माझ्या नवऱ्याच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या हृदयाची खराब झडप काढून कृत्रिम बसवली होती, पिंजऱ्यात चेंडू हलणारी. तुझ्या घरधन्यानं घड्याळ गिळलंय का, म्हणून शेजारणी चिडवायच्या. मी हसायचे. पण खरं सांगते, तो आवाज ऐकल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी, जन्मभर. एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळी द्यायचं काम माझं.

ज्वारी सोंगताना त्यांच्या पोटरीला विळा लागला. रक्त काही केल्या थांबेना. हळद दाबली, धोतर फाडून बांधलं, तेही भिजलं. हे सगळं त्या गोळ्यांमुळंच, असं मनानं घेतलं आणि मी डबा ज्वारीच्या कणगीत खुपसला. त्यांना सांगितलं, गोळ्या संपल्यात, जालन्याहून यायच्यात. जखम पार सुकेपर्यंत मी तो डबा बाहेर काढला नाही. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मग एका दुपारी टिकटिक ऐकूच येईना. कान लावला, तर आत नुसती घरघर. त्यांना दोन पावलं चालवेना.

मुंबईला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, झडपेवर रक्ताची गाठ बसलीय, नवी झडप घालावी लागेल. पण एकदा उघडलेली छाती परत उघडणं जास्त धोक्याचं. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय आतून छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं, तिथं सुरी लागली तर रक्त आवरणं कठीण. गोळ्या बंद होत्या का, असं त्यांनी विचारलं.

"माझ्याकडनंच राह्यल्या, साहेब," हे म्हणाले.

ऑपरेशनला आत नेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "डबा आता कणगीत ठिवू नको. आल्यावर लागंल."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू भ्यालती. मी बी भ्यालतो, म्हणून गप बसलो."

दार लागलं. मी बाकावर बसून राहिले. संध्याकाळी नर्सनं आत सोडलं. त्यांच्या तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी वाकून कान नेला. टिकटिक होती. तोंडात पदर कोंबून मी रडले.

घरी आल्यावर पहिली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि डबा कोनाड्यात, दोघांना दिसेल असा मांडला. त्यांनी गोळी गिळली.