नवमीला झोपले, दसऱ्याला उठलेच नाहीत

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोकांची मशीन बिघडली की आमचा किस्सा तयार! पण एका दसऱ्याने जेवढे दिले, तेवढे बाकीच्या सगळ्या वर्षांनी मिळून दिले नसतील.

अमरावतीत आमचं छोटं ऑफिस आहे. वऱ्हाडातल्या दुकानांचे, मिलचे लिनक्स सर्व्हर आम्ही सांभाळतो. दसऱ्याच्या महिनाभर आधी आमच्यातल्या पल्लवीने सगळीकडची मूळ लायब्ररी अपग्रेड केली. सर्व्हरवरचे बहुतेक प्रोग्रॅम या एका लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या साठ्याच्या, जिवावर चालतात. तरी एकही सर्व्हिस अडली नाही. ऑफिसच्या मालकांनी, वानखडे सरांनी, खुशीत कचोरी मागवली.

आमचा सहकारी इरफान खाता खाता म्हणाला, "सर, इतकं बिनबोभाट होऊन राहिलं, मले तं भेवच वाटते!"

सर म्हणाले, "चालू आहे ना? मग हात लावू नका."

*

चालू असलेले प्रोग्रॅम जुनीच लायब्ररी धरून बसतात. बंद करून पुन्हा चालू केले की नवी घेतात, आणि ती नाही पटली तर उठतच नाहीत. आता खंडेनवमीला आपल्याकडे काय करतात? वर्षभर बंद न होणारी मशीन बंद करतात, पुसतात आणि तिला हार घालतात!

दसऱ्याच्या सकाळी पहिला फोन चांदूर बाजारच्या बियाण्यांच्या दुकानातून आला. "सर्व्हर उठून नाई राहिला."

पल्लवीने विचारलं, "काही केलं होतं का त्याला?"

"काहीच नाई जी. फक्त आंघोळ घातली."

पल्लवी खुर्चीतून उभीच राहिली. "पाण्यानं?"

"नाई वो, ओल्या फडक्यानं! पाणी टाकाले आमी येडे आहो का?"

*

अकोल्याच्या दाल मिलचे हाजीचाचा इरफानचे जुने ग्राहक. मजुरांसाठी ते दरवर्षी पंडित बोलावून मशीनची पूजा करवतात. त्यांचा फोन काळजीचा. "इरफानमियाँ, पूजा में कुछ कमी रह गई क्या? फिर से करवा दूँ?"

"करवा लो चाचा, पर इस बार मशीन चालू रखना."

"चालू मशीन की पूजा? पंडित को शॉक लगेगा, मियाँ!"

*

वानखडे सरांचा एक नियम आहे. ग्राहकासमोर 'चूक' हा शब्द काढायचा नाही, 'कंपॅटिबिलिटी इश्यू' म्हणायचं. फोनवर फोन येत असताना ते आम्हाला हेच पुन्हा बजावत होते. तेवढ्यात इरफान आतून आला.

"सर, आपलाबी सर्व्हर उठून नाई राहिला. काल त्याले बंद करून हार कोणं घातला?"

हार सरांनीच घातला होता. ते म्हणाले, "कंपॅटिबिलिटी इश्यू!"

*

शेवटचा फोन शेंदूरजनाघाटहून आला, शोभाताईंचा. त्यांची संत्र्याची पॅकिंग शेड आहे. नवरा गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच हंगाम. यंदा मशीनची पूजाही त्यांनीच केली होती. गेटपास छापणारा प्रोग्रॅम उठत नव्हता आणि भरलेले ट्रक फाटकाशी उभे होते. दुरून लॉगिन करायची सर्व्हिसही मेलेली, म्हणून पल्लवी आणि मी गाडी काढली.

पोचलो तेव्हा त्यांचा दीर मजुरांसमोर बोलत होता, "विधवा बाईनं मशीनले कुंकू लावलं, तं असंच होईन!"

शोभाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पल्लवीला हळूच विचारलं, "पोरी, खरं सांग. माह्या हातानं झालं का हे?" मला फार वाईट वाटलं.

पल्लवीने त्या प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी पुन्हा जोडून दिली. सर्व्हिस उठली. आता 'कंपॅटिबिलिटी' म्हणून निघायचं होतं. ती मात्र बाहेर मजुरांपुढे जाऊन उभी राहिली.

"पूजेनं नाई बिघडली मशीन. महिन्याआधी म्या बिघडवली. चूक माही आहे."

दीर हसला. "तिले बरं वाटावं म्हून सांगून राहिली!"

पल्लवी तडक वळली. आत गेली आणि तिने चालू झालेला सर्व्हर बंद करून टाकला.

"ताई, पुन्हा पूजा करा," ती म्हणाली. "तुमीच करा."

शोभाताईंनी सगळ्यांदेखत कुंकू लावलं. मग बटण दाबलं. आम्ही सगळे प्रिंटरकडे बघत राहिलो. जरा वेळाने गेटपास बाहेर आला.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर तो घ्यायला पुढे झाला. त्याने पास घडी करून खिशात ठेवला, पण जागचा हलला नाही.

"ताई," तो म्हणाला, "माह्या गाडीलेबी लावून द्या जी कुंकू!"