वारा सरेपर्यंत

मध्य भारताची राजधानी सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला असायची. आमचं घर इंदूरला, आणि माझं अपेंडिक्स नेमकं ती ग्वाल्हेरला असताना सुजलं. दफ्तरांच्या पेट्यांबरोबर माझा नवराही तिकडेच! पहिल्या खेपेला डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनांवर निभावलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "अब तो काटना पड़ेगा." दवाखान्यात शेजारच्या खोलीतल्या बाईंचं तर फुटलंच होतं, पोटात नळी घालून त्या तीन आठवडे पडून होत्या. माझं फुटायच्या आत निघालं, एवढंच नशीब.

सासूबाईंचं सोवळं कडक. त्यांना दवाखान्याची हवासुद्धा चालत नसे, म्हणून माझ्या उशाशी सासरे बसले. त्यांचा उभा जन्म संस्थानच्या चाकरीत गेलेला. लग्नाला आठ महिने झाले तरी माझ्याशी थेट एक शब्द बोललेले नव्हते. मी समोर असले तरी सासूबाईंनाच सांगत, "सूनबाईंना विचारा."

आता विचारणार कोण? ऑपरेशननंतर वारा सरेपर्यंत पाण्याचा घोटही मिळायचा नव्हता, आणि नर्सबाई दारातूनच खणखणीत आवाजात विचारत, "बहूजी, गैस पास हुई?" सासरे पेपर डोळ्यांपुढे धरत. मी मानेनेच नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे खुर्चीत घोरत असताना वारा सरला, तोही दणदणीत. घोरणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. देव पावला म्हटलं! पण नर्सबाई आल्या तेव्हा सासरे जागे होऊन बसलेले. त्यांच्यादेखत हो कसं म्हणू? मेले असते तरी म्हटलं नसतं. मी पुन्हा मानेनेच नाही म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. "अभी तक नहीं? फिर तो पेट दुबारा खोलके देखना पड़ेगा."

पुन्हा पोट फाडणार होते आणि मला दोन शब्द बोलवत नव्हते.

सासऱ्यांनी पेपरची नीट घडी घातली, उभे राहिले, कोटाचं बटण लावलं.

"डॉक्टरसाहब, हो चुकी है. दोपहर पौने तीन बजे. हम गवाह हैं."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते गेल्यावर सासरे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग तसेच, पाठमोरे, म्हणाले, "सूनबाई, चहा घेणार ना? दोन चमचेच मिळेल."

टाके दुखेपर्यंत हसू आलं मला, आणि रडूही.

"घेईन, मामंजी," मी म्हटलं. "साखर जास्त घालायला सांगा."