बोरखडी रोडची ढाल

बोरखडी रोड हे स्टेशन बोरखडी गावापासून दोन कोस लांब. कंपनीच्या गोऱ्या साहेबानं काय बघून इथं बांधलं, त्यालाच ठाऊक. पण बांधलं बाकी झकास. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, वेटिंग रूमला दोन कमानी आणि दगडी खांबांवर पाण्याची टाकी. दिवसातून अरुंद रुळांवरची बारकी गाडी एकदा येणार, एकदा जाणार. बाकी सगळं उघडं माळरान. या माळावर रुळांचे सांधे बदलणारा गोरोबा सांधेवाला अकरा वर्षं अडकून पडला होता.

जीव कासावीस व्हायचा तो बनीपायी. गोरोबाची एकुलती पोरगी, चौथी पास झालेली. बोरखडीची शाळा चौथीलाच संपायची, पुढची शाळा कुर्डुवाडीला. गाडीनं जावं तर ती शाळा सुटायच्या वेळेला पोचवणार. बायकोच्या, चांगुणाच्या माहेरी ठेवावी तर बहात्तरच्या दुष्काळात ते अख्खं घर खडी फोडायला गेलेलं. आणि बाप मरताना गोरोबानं शब्द दिलेला, पोरगं होवो नाहीतर पोरगी, मॅट्रिक करीन. तो शब्द त्याला धड झोपू देईना.

बदलीचा एकच रस्ता होता, अदलाबदलीचा. कुर्डुवाडीचा एखादा सांधेवाला इथं यायला राजी झाला, तर त्याच्या जागी गोरोबानं जायचं. पण राजी कोण होणार? तिघं बघायला आले. पहिल्यानं कोरडी टाकी बघितली, दुसऱ्यानं क्वार्टरातला विंचू. तिसरा भाद्दर तर खालीच उतरला नाही, खिडकीतूनच हात जोडले त्यानं.

"पोरीला बघायला येनार म्हनलं की घर सारवतेत का न्हाय?" चांगुणा म्हणाली. "मग हितं बी सारवा की."

गोरोबाला पटलं. दोघांनी दगड न् दगड घासला, कठड्याला चुना दिला, फुटकी कौलं बदलली. फलाटाच्या कडेनं सदाफुली लावली. पाणी? ड्रायव्हर कल्याणप्पा भला माणूस, इंजिनातलं एक बादली गरम पाणी रोज काढून द्यायचा. बनी ते निवलं की झाडांना घालायची. घरात प्यायला तांब्या-तांब्यानं, आणि फुलांना बादली!

मार्चात बसवराज आला. कुर्डुवाडीच्या यार्डातल्या धुरानं त्याची छाती गेलेली. कमानीच्या सावलीत बसून त्यानं चांगुणाची भाकरी खाल्ली, सदाफुली बघितली आणि म्हणाला, "लई शांत हाय हो हितं. कुठं सही करू?"

गोरोबाला जरा अपराध्यासारखं वाटलं. पण पेन त्यानंच पुढं केला. बनीनं त्याच दिवशी पाटी-दप्तर पत्र्याच्या पेटीत भरलं. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं सगळ्यांनी धरलं.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबाचा तपासणीचा डबा आला. सगळी लाईन करपलेली आणि इथं फुलं! साहेब हरखला. "कुणी केलं हे?" स्टेशन मास्तर तात्याराव सरळ माणूस, त्यांनी गोरोबाला पुढं ढकललं. साहेबानं पाठ थोपटली. गोरोबानं धीर करून बदलीचा अर्ज काढला, तर साहेब तो घेऊन हसून म्हणाला, "बघतो, बघतो."

आणि बघितलं की त्यानं! मे महिन्यात एकाच गाडीनं दोन जिनसा आल्या. सगळ्यात सुंदर स्टेशनची पितळी ढाल आणि परत आलेला अर्ज. तात्यारावांनी तो मनातल्या मनात वाचला.

"वाचा की मास्तर."

"लाल शाईनं लिहिलंय. असा माणूस या स्टेशनावरनं हलवू नये."

गोरोबा म्हणाला, "मग आता घान ठेवू व्हय स्टेशन?"

"ठेवलंस तर नोकरी जाईल तुझी." तात्यारावांना वर बघवेना.

बसवराजनं दुसरीकडं सोय लावली. बनीला लाल शाईचं कुणी सांगितलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. त्या दिवशी कल्याणप्पानं नेहमीसारखी बादली भरली, तर गोरोबा म्हणाला, "आजपासून नको. मरू दे ती फुलं."

बनी धावत आली. "आसं काय करता आबा? फुलं वाळली तर आपली जागा घ्यायला कोन येईल?"

कल्याणप्पा गोरोबाच्या तोंडाकडं बघत राहिला. गोरोबानं बादली घेतली आणि पोरीच्या हातात दिली.