दार उघडलं की ऊब जाते

लातूरहून शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या शाळेत मी रोज हेडमास्तरांच्या गाडीतून जातो. थंडीत गाडी लवकर कशी तापवायची, हे त्यांच्याकडून शिकावं. जागेवर इंजिन घुरघुरत ठेवणाऱ्यांचा त्यांना राग येतो. "चालवली की लवकर तापती, सर. काटा वर येईस्तोवर ब्लोअरला हात लावायचा न्हाई, नुसतं गार वारं येतंय." काटा वर आला की बाहेरची हवा बंद करून ते गरम झोत खाली वळवतात आणि लेकराला विचारावं तसं विचारतात, "तापले का पाय?" माणूस मायाळू आहे, असं मी चार जणांना सांगत आलो.

गेल्या डिसेंबरात फाट्यावर आमचे शिपाईमामा दिसले. बस चुकली असावी. कानाला मफलर, हात वर केलेला. आमची मागची सीट सगळी मोकळी होती. हेडमास्तरांनी वेग कमी केला, मामांकडं नीट पाहिलं आणि गाडी पुढं काढली.

"आत्ताच कुठं तापलीय, सर. दार उघडलं की सगळी ऊब जाती."

मी "हाव" म्हणालो.

मामा अर्ध्या तासानं पोचले. हेडमास्तरांनी घड्याळ बघून मस्टरवर लाल शाईनं 'उशीर' लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. मग चहा सांगितला. कप देताना मामांची गारठलेली बोटं माझ्या हाताला लागली.

माझे पाय अजून गरम होते.